न भिजलेले नकाशे

दिवाळीआधी घर रंगवलं तेव्हापासून आमच्या बाळकुमच्या फ्लॅटमधली सोफ्यामागची भिंत मोकळी आहे. बायकोचं मत, तिथे फॅमिली फोटो लावावेत. माझं मत, तिथे समुद्राचा जुना नकाशा लावावा. दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर बसणाऱ्या आणि धड पोहताही न येणाऱ्या माणसाला समुद्राचा नकाशा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तो मला घरात दोनदा विचारला गेलाय.

उत्तर सोपं आहे. मला ते नकाशे आवडतात. सतराव्या-अठराव्या शतकातले डच नकाशे तर फारच. किनाऱ्याच्या आतल्या बाजूने हिरवट पट्टा, होकायंत्राचं ते बत्तीस पाकळ्यांचं लाल-निळं फूल, त्यातून सगळ्या समुद्रभर पसरलेल्या रेषा, कोपऱ्यात शिडं फुगवून चाललेलं जहाज. इंटरनेटवर हे सगळं फुकट बघायला मिळतं. डेव्हिड रम्सीच्या संग्रहाची साईट उघडली की माझी रविवार दुपार गेलीच म्हणून समजा. पण स्क्रीनवर बघणं वेगळं आणि भिंतीवर असणं वेगळं.

तर बोनस हातात आला आणि मी मुंबईत एका दुकानात गेलो. (नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचं फार चुकलं असंही मला म्हणता येत नाही.) तिथे अरबी समुद्राचं एक पान होतं. डच, अठराव्या शतकातलं, पश्चिम किनारा मस्त आलेला. किंमत माझ्या घराच्या ईएमआयपेक्षा जास्त. खाली चिठ्ठी : ओरिजिनल, हँड कलर्ड. मी 'दोन दिवसांत सांगतो' म्हणून घरी आलो. कुठलीही लायब्ररी वापरायच्या आधी तिचं डॉक्युमेंटेशन वाचायचं ही ऑफिसातली सवय, ती इथेही नडली.

हे नकाशे कसे व्हायचे ते आधी सांगतो. तांब्याच्या पत्र्यावर उलटा नकाशा कोरायचा, शाई भरायची, ओल्या कागदावर दाबून छापायचा. छापील नकाशा फक्त काळा. रंग नंतर, एकेका प्रतीवर हाताने, आणि तोही गिऱ्हाइकाने वेगळे पैसे मोजले तरच. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हा स्वतंत्र धंदा होता. डर्क यान्स फान सांटेन नावाचा रंगारी तर इतका नावाजलेला की त्याच्या हातचे, सोन्याचा वर्ख लावलेले अ‍ॅटलास श्रीमंतांच्या संग्रहात मिरवायचे. हिरव्या रंगासाठी तांब्याचा जंग वापरत. हा हिरवा रंग दिसतो सुंदर, पण कागद खातो. तीनशे वर्षांत तो मागच्या बाजूला तपकिरी होऊन उतरतो आणि कधी कधी कागदाला तिथेच भेगा पडतात.

तिसऱ्या दिवशी मी मोबाईलचा टॉर्च घेऊन दुकानात हजर. पान उलटं करून दाखवा म्हटलं. मागची बाजू स्वच्छ. कोकणच्या हिरव्यागार किनाऱ्याचा मागे मागमूस नाही. हा काही पक्का पुरावा नव्हे, पण शंका यायला पुरेसा. मी विचारलं, रंग तेव्हाचाच आहे ना? दुकानदार अगदी शांतपणे म्हणाले, "रंग नंतरचा असू शकतो. पण दिलाय हातानेच ना!"

यावर काय बोलणार? :-)

मग कळलं की यात नवीन काहीच नाही. गेली कित्येक दशकं काळ्या-पांढऱ्या जुन्या नकाशांना रंग देऊन विकलं जातं, कारण रंगीत पान जास्त किमतीला जातं. त्याहून वाईट म्हणजे हे पान सुटं का होतं? मधोमध घडी होती, म्हणजे ते कधीतरी एका बांधलेल्या अ‍ॅटलासमध्ये होतं. अख्खा अ‍ॅटलास घेणारा एखादाच, सुटी पानं घेणारे शंभर. म्हणून अ‍ॅटलास उसवतात आणि पान-पान विकतात. समुद्राचा अ‍ॅटलास हे पुस्तक होतं. नकाशाबरोबर मजकूर असायचा : अमुक टेकडी तमुक दिशेला दिसली की वळा, इथे खडक आहे, इथे भरतीशिवाय शिरू नका. पान फाडलं की मजकूर गेला. राहिलं ते चित्र. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड फेकून स्क्रीनशॉट फ्रेम करणं.

मी पान घेतलं नाही. बायको खूष, भिंत मोकळी. पण डोक्यात एक किडा वळवळत राहिला आणि आजची पोस्ट त्या किड्याबद्दल आहे. आपण ज्याला 'अँटिक सी अ‍ॅटलास' म्हणून हजारो-लाखो रुपये मोजतो, त्यातले बहुतेक कधी समुद्रावर गेलेच नव्हते!

विचार करा. जहाजावरचा नकाशा रोज उलगडणार, त्यावर कर्कटकाची टोकं रुतणार, खारं पाणी उडणार, सुकाणूवाल्याचे हात लागणार. दोन-तीन सफरींत त्याची चिंधी. तो टाकून नवा घ्यायचा. त्याला सोन्याचा वर्ख कोण लावणार? वर्ख लागला तो अ‍ॅमस्टरडॅमच्या शेअरहोल्डरच्या दिवाणखान्यातल्या प्रतीला. ती काचेच्या कपाटात राहिली, म्हणून टिकली. म्हणजे वापरलेलं संपलं आणि न वापरलेलं अँटिक झालं. क्लायंटला दाखवायचा डेमो म्युझियममध्ये आणि प्रॉडक्शनमधला कोड कचऱ्यात, असा हा प्रकार.

डच कंपनीचं तर याहून पुढचं. कंपनीच्या जहाजांवरचे नकाशे छापीलसुद्धा नसायचे. हाताने काढलेले, बरेचसे चामड्यावर, आणि सफर संपली की परत जमा करायचे. गुपित फुटता कामा नये! गंमत म्हणजे कंपनीचा अधिकृत नकाशेकार होता ब्लाऊ, आधी बाप आणि मग मुलगा. त्याच मुलाने १६६२ पासून जगातला सर्वात महागडा, रंगीत, जाडजूड छापील अ‍ॅटलास विकायला काढला. एकच घर : पुढच्या दाराने श्रीमंतांसाठी देखणे नकाशे, मागच्या दाराने खलाशांसाठी खरे. आशियाच्या समुद्रांचे खरे नकाशे छापून लोकांसमोर आले ते थेट १७५३ मध्ये, फान कोयलन घराण्याच्या अ‍ॅटलासच्या सहाव्या भागात. तोवर गुपितात उरलं तरी काय होतं, हाही प्रश्नच म्हणा. त्याआधी दीडशे वर्षं पोर्तुगीजांची गुपितं अशीच फुटली होती, तीही आपल्या गोव्यातून. लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला, जमेल तेवढं उतरवून घेतलं आणि मायदेशी परतल्यावर १५९५-९६ मध्ये छापून मोकळा झाला. डेटा लीकचा इतिहास फार जुना आहे.

देखण्या नकाशावर विसंबलं की काय होतं? जेम्स हॉर्सबर्ग नावाचा स्कॉटिश खलाशी. १७८६ मध्ये त्याचं जहाज हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटावर जाऊन आपटलं आणि फुटलं. कारण, नकाशा चुकीचा. जहाजाचं नाव काय माहितीये? 'अ‍ॅटलास'! शपथेवर सांगतो, मी बनवलेलं नाही. या माणसाने मग पुढचं आयुष्य नोंदी करण्यात घालवलं आणि १८१० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य जलनकाशेकार झाला. त्याच्या आगेमागेच, १७८७ ते १७९० या काळात, मुंबई मरीनच्या मॅक्लुअरने आपला पश्चिम किनारा दोरीला शिसं बांधून मोजत काढला. त्या शिशाच्या बुडाला चरबी फासलेली असायची. तळाची वाळू, चिखल, शिंपले जे काय असेल ते चिकटून वर यायचं आणि तेही नकाशावर टिपलं जायचं. या काळाचे चार्ट दिसायला रुक्ष, रंग जवळजवळ नाहीच, नुसते आकडे. माझ्यासारख्याने भिंतीवर लावला नसता. पण त्या आकड्यांवर माणसं जगली.

आता तुम्ही म्हणाल, हा उगाच देखण्या नकाशांच्या मागे लागलाय. तसं नाही, आणि माझ्या मुद्द्याला भोक पाडणारा पुरावा मीच देतो, कारण तो आपल्या गावचा आहे.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात कॅटलन अ‍ॅटलास आहे. साधारण १३७५ सालचा, मयोर्का बेटावरच्या क्रेस्केस अब्राहम या ज्यू नकाशेकाराने केला असं मानतात. फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथसंग्रहात १३८० मध्ये त्याची नोंद आहे. चामड्याची सहा पानं, फळ्यांवर डकवलेली, सोनं, निळा, लाल, सगळी चैन. तांबडा समुद्र खरोखर तांबडा रंगवलाय, फार क्यूट. नकाशाच्या उत्तरेकडची चित्रं उलटी आहेत, कारण तो टेबलावर ठेवून चारही बाजूंनी फिरत बघायचा. हा राजाचा नकाशा, एक थेंब पाणी न लागलेला. आणि त्यात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर एक नाव आहे : कोसिंताया.

हे काय? एकोणिसाव्या शतकात हेन्री यूलने याचा उलगडा केला. अरबी-फारसी लिखाणात आपल्या भागासाठी 'कोकण-ठाणे' असं जोडनाव यायचं. ते व्यापाऱ्यांच्या तोंडून, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत, नकलून नकलून झालं कोसिंताना, आणि मग 'न' चा 'य' होऊन कोसिंताया. टायपो! साडेसहाशे वर्षांपूर्वी ठाण्याचं नाव भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर सोन्याच्या नकाशावर लिहिलं गेलं, आणि तेही टायपोसकट. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी बायकोला उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया छापण्यासारखी नाही.

तेव्हा देखण्या प्रती नसत्या तर हेही कळलं नसतं, मान्य. त्या म्हणजे बॅकअप आहेत. पण बॅकअप कशाचा? क्रेस्केस काही ठाण्याला आला नव्हता. ते नाव त्याच्यापर्यंत पोचवणारी साखळी कुठून सुरू झाली असेल? कुणीतरी इथे येणारा नाखवा असणार, ज्याला या खाडीत कधी शिरायचं ते ठाऊक होतं. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटी लिहितो की ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता : लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. (आजच्या काही करारांपेक्षा हा बराच पारदर्शक वाटतो.) म्हणजे जहाजं येत होती आणि ती आणणारे लोक होते. त्यांचे नकाशे कुठे आहेत?

होते की नाही, असा प्रश्नच नाही. बारूश हा पोर्तुगीज इतिहासकार लिहितो की १४९८ मध्ये मालिंदीला वास्को द गामाला जो गुजराती वाटाड्या मिळाला, त्याने हिंदुस्थानच्या सबंध किनाऱ्याचा रेखांश-अक्षांश आखलेला नकाशा त्याला दाखवला. गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने १५१२ मध्ये आपल्या राजाला कळवलं की एका जावानीज वाटाड्याचा मोठा नकाशा त्याच्याकडे होता, त्याने पाहिलेला सर्वात उत्तम. तो कुठे गेला? जहाजाबरोबर बुडाला. एका तुकड्याची नक्कल तेवढी उरली. कच्छी मालमांच्या पोथ्या आहेत, तारे आणि किनाऱ्याची रेखाटनं असलेल्या. मुंबई विद्यापीठातल्या बी. अरुणाचलम सरांनी आपल्या खलाशांच्या या विद्येवर आयुष्यभर काम केलं, म्हणून आज काही सांगता तरी येतं. पण आपल्या कोकणातल्या नाखव्यांचं, भंडारी-कोळ्यांचं? त्यांचं बहुतेक सगळं डोक्यात. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथे जहाजं बांधायला सुरुवात केली. ती समुद्रात न्यायची तर बाळकुमसमोरच्या पाण्यातून वसईकडे, नाहीतर कळव्याहून वळून ठाण्याच्या खाडीतून. कुणीतरी पुढे उभं राहून वाट दाखवली असेलच ना? त्याचा एक कागद माझ्या पाहण्यात नाही.

पोर्तुगीजांनी मात्र लिहिलं. ज्युआंव द कास्त्रू १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला गेला आणि वाटेतली बंदरं चितारत गेला, मजकूर आणि चित्र एकत्र. वसईच्या बाजूला त्याच्या लक्षात आलं की होकायंत्राची सुई भलतीकडेच वळतेय. आपली दिशा चुकली असं न मानता त्याने दोष जवळच्या खडकांवर ठेवला. लोहयुक्त काळा कातळ सुईला ओढतो, ही नोंद जगात पहिल्यांदा करणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. मला हा माणूस आवडतो. इन्स्ट्रुमेंट चुकीचं रीडिंग देतंय तर 'माझ्या मशीनवर चालतंय' न म्हणता तो कारण शोधत बसला.

तर आता माझा खरा उद्योग. फोनमध्ये एका जुन्या चार्टचा स्कॅन घेऊन मी एका रविवारी बाळकुम गावातल्या एका काकांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, जन्म खाडीवर गेलेला, आता होडी मुलाने विकली. मी मोठ्या उत्साहाने रंगीत किनारा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "यात पानी किती ते कुठं लिवलंय?"

मी झूम करून आकडे दाखवले. हे वाव, म्हणजे सहा फूट. तीन म्हणजे तीन वाव.

"कवाचं?"

मला कळेना. सतराशे काहीतरी, म्हटलं.

"तसं नाय. कंच्या तिथीचं?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. नकाशातला आकडा म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट उत्तर. अष्टमीच्या भांगाला पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही, पुनवेला-अवसेला उधाण. एकाच जागी सकाळी होडी तरते आणि दुपारी चिखलात बसते. आधुनिक चार्टवाले हा प्रश्न असा सोडवतात की नीचतम ओहोटीची खोली छापायची आणि भरतीचं कोष्टक वेगळं द्यायचं. काकांच्या डोक्यात दोन्ही एकत्र आहे. आम्ही ज्याला कॉन्स्टंट समजतो ते त्यांच्यासाठी फंक्शन आहे, आणि तिथी हा त्याचा पॅरामीटर.

पुढे ते तासभर बोलले. कुठे कातळ आहे, रेती उपसून उपसून तळ कुठे खोल झाला, कशेळीच्या पुलाखालून पाणी कसं ओढतं, जिताडा पूर्वी कुठे लागायचा. मी वहीत लिहीत होतो. मधेच त्यांनी वहीवर हात ठेवला. "हे नको लिवू. जागा सांगितली तर उद्या समदे तिथंच जाली टाकतील." पुन्हा एकदा डच कंपनी! म्हणून ती जागा मीही इथे लिहीत नाहीये.

२०१६ च्या कायद्याने ही वसई खाडी आणि उल्हास नदी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाली. बाळकुम ते गायमुख असा खाडीकिनारी रस्ता होऊ घातलाय. म्हणजे या पाण्याचे आणि काठाचे भरपूर नकाशे होणार, इको साउंडर लावून, सेंटिमीटरपर्यंत अचूक. मला त्याबद्दल तक्रार नाही, उलट ते झालेच पाहिजेत. पण इको साउंडरला खडकाचं नाव कळत नाही, आणि त्या खडकावर कुणाची होडी कधी फुटली तेही नाही. ते सध्या दहा-पंधरा म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. मी ज्या रकमेला ते रंगवलेलं पान घेणार होतो, तेवढ्यात एक बरा व्हॉईस रेकॉर्डर, एक वॉटरप्रूफ जीपीएस आणि सहा-सात वेळा होडीचं भाडं निघतं. हिशोब करून बघितलाय. घोडबंदर रोडला, कोलशेतला, कळव्याला राहणाऱ्या माझ्या वाचकांनीही करून बघावा. आपल्या सगळ्यांच्या बाल्कनीतून खाडी दिसते आणि 'क्रीक व्ह्यू'चे जादा पैसे आपण बिल्डरला मोजलेले आहेत. तिच्यातल्या एका तरी खडकाचं नाव आपल्याला माहीत आहे का? मला नव्हतं.

आतापर्यंत दोन रविवार झाले. वहीची अकरा पानं भरली, त्यातली तीन काकांनी खोडायला लावली. पुढच्या वेळी होडीतून जायचं ठरलंय. मी माझ्या सवयीप्रमाणे सकाळी अकरा सुचवले, तर काका हसायलाच लागले. आधी तिथी बघ, म्हणाले, वेळ पाणी ठरवतं.

त्यामुळे सोफ्यामागच्या भिंतीवर सध्या खिळा ठोकून तिथीवालं कॅलेंडर लावलंय. बायको म्हणते, हॉलमध्ये बरं दिसत नाही.